पॅन्थिऑन कोणत्या सालचं उभारताय?

जुन्या इमारतींची थ्रीडी मॉडेल्स करताना कुठे अडलं तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी रोमचं पॅन्थिऑन, हे प्राचीन मंदिर, निवडलेलं दिसतंय. मला आनंदच झाला. जवळजवळ एकोणीसशे वर्षांची इमारत, छपरासकट उभी, मापं उपलब्ध, आणि आत पाऊल टाकलं की माथ्यावरच्या गोल भोकातून थेट ऊन. आर्किटेक्चर शिकताना मी या इमारतीच्या प्रेमात पडले, आणि पुढे रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवरून चित्र काढणं, हाच पोटापाण्याचा उद्योग झाल्यावर ते प्रेम वाढतच गेलं. म्हणून या वेळचं सदर सगळं पॅन्थिऑनचंच.

ताई, मी नाशिकला बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षात आहे. सुट्टीत ब्लेंडर या थ्रीडीच्या प्रोग्रॅममध्ये पॅन्थिऑन करायला घेतलं. घुमटाचा व्यास एका ठिकाणी ४३.२ मीटर, दुसरीकडे ४३.३, तिसरीकडे ४३.४. वरचं भोक, म्हणजे ऑक्युलस, कुठे ८ मीटर तर कुठे ९. दर्शनी भागावर नाव आग्रिप्पाचं आणि पुस्तकात हेड्रियन. खरं कुणाचं मानू?

मापांकडे येते, पण त्याआधी तू एक गोष्ट ठरव: तुझं पॅन्थिऑन कोणत्या सालचं आहे? हे ठरवलं नाहीस तर मॉडेलमध्ये चार शतकं एकत्र नांदायला लागतात, आणि जाणकाराच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येतं.

आग्रिप्पा या रोमन सेनापतीने बांधलेली इमारत इसवी सनापूर्वीची. ती इ. स. ८० मध्ये जळाली. सम्राट डोमिशियनने ती पुन्हा उभारली, तीही सम्राट ट्राजनच्या काळात आगीत गेली. आज उभी आहे ती त्यानंतरची. काम बहुधा ट्राजनच्या अखेरच्या वर्षांत सुरू झालं आणि त्याच्यानंतरच्या सम्राट हेड्रियनच्या काळात, १२५ च्या सुमारास, पुरं झालं. हेड्रियनने दर्शनी पट्टीवर जुनंच नाव ठेवलं: लुकियुसचा मुलगा मार्कुस आग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना याने हे बांधलं. या ओळीमुळे शतकानुशतकं लोक इमारत आग्रिप्पाचीच समजत राहिले. १८९० च्या दशकात जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने भिंतीतल्या विटांवरचे शिक्के तपासले, तेव्हा गोष्ट उलगडली. रोमन वीटभट्ट्या विटांवर शिक्के मारत आणि त्यांवरून साल काढता येतं.

त्यानंतरही इमारत बदलत राहिली. ६०९ मध्ये तिचं चर्च झालं, आणि म्हणूनच ती वाचली. ६६३ मध्ये सम्राट कॉन्स्टन्स दुसरा याने छपरावरचे सोनेरी मुलाम्याचे ब्राँझचे पत्रे काढून नेले. सतराव्या शतकात पोप अर्बन आठवा याने दर्शनी मंडपाच्या छताच्या ब्राँझच्या तुळया वितळवायला नेल्या. त्याच शतकात मंडपावर दोन घंटाघरं चढली आणि ती १८८३ मध्ये उतरवली. आतल्या भिंतीचा वरचा पट्टा, घुमटाच्या लगेच खालचा, अठराव्या शतकाच्या मध्यात पार बदलला. आज तिथे दिसणाऱ्या त्रिकोणी माथ्याच्या चौकटी रोमन नाहीत. १९३० च्या दशकात त्याचा एक छोटा भाग जुन्या रूपात परत बसवला, तो आजही बघायला मिळतो. म्हणजे आजच्या फोटोवरून हेड्रियनचं पॅन्थिऑन करायला बसलीस तर डोळ्यांच्या वरच्या उंचीवर अख्खा एक मजला खोटा होणार.

बाहेरचंही तसंच. आज समोरच्या चौकातून तू जवळजवळ सपाटीवरून मंडपात शिरतेस, कारण शतकानुशतकं चौकाची जमीन वर चढत गेली. मुळात मंडपाला पायऱ्या होत्या आणि समोर दोन्ही बाजूंना खांबांच्या ओवऱ्या असलेलं लांब अंगण होतं. त्या अंगणातून येणाऱ्याला मंदिराचा नेहमीचा दर्शनी भाग दिसे आणि मागचा प्रचंड गोल बराचसा लपलेला राही. मी स्वतः १२५ च्या आसपासचं साल धरते आणि बाहेरचा कॅमेरा त्या ओवऱ्यांमध्येच ठेवते. ड्रोनच्या उंचीवरून घेतलेलं दृश्य आकर्षक दिसतं, पण रोमन माणसाने ते कधी पाहिलेलं नाही.

आता मापं. आतला व्यास साधारण ४३.३ मीटर आणि जमिनीपासून ऑक्युलसपर्यंतची उंचीही तेवढीच. आत पूर्ण गोल बसतो. दहा-दहा सेंटिमीटरचा फरक पडतो, कारण कुणी विटांच्या भिंतीपासून मोजलं, कुणी संगमरवराच्या अस्तरापासून, आणि एकोणीसशे वर्षांच्या घुमटात तडे आणि थोडी वाकडतिकड आहेच. माझा एकच आग्रह: एका मोजणीतली सगळी मापं घे. व्यास एकाचा, खांब दुसऱ्याचे असं केलंस की कोनाडे आणि खांब जुळत नाहीत आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही. आन्त्वान देगोदे याने १६८२ मध्ये छापलेले मोजणीचे आराखडे आजही उपयोगी पडतात. २००५ मध्ये बर्न विद्यापीठाने इमारतीचं लेझर स्कॅनिंग केलं, त्यावर आधारलेली मापं मिळाली तर उत्तमच.

शिवाय रोमन फुटात विचार करायला शिक. एक रोमन फूट म्हणजे साधारण २९.६ सेंटिमीटर. मंडपाच्या खांबांचा दगडी दांडा ११.८४ मीटर हा आकडा विचित्र वाटतो; फुटात बघितलास तर तो बरोबर ४० आहे. तळखडा आणि स्तंभशीर्ष धरून खांब ४८ फूट. पाचास सहा हे प्रमाण एकदा कळलं की पुस्तकातली चुकीची मापं आपोआप ओळखू येतात.

मी कोल्हापूरला मेकॅनिकल इंजिनियर आहे. घुमटातल्या चौकोनी खणांनी डोकं उठवलंय. एक खण करून इन्सेटने आतल्या चौकटी काढल्या, त्या पृष्ठभागाला लंब अशा आत ढकलल्या, मग अॅरेने त्याच्या प्रती मांडल्या. गणित चोख आहे. तरी जमिनीवर मधोमध कॅमेरा ठेवला की खण एका बाजूला झुकल्यासारखे दिसतात, खालच्या पायऱ्या गायबच होतात. फोटोत तसं दिसत नाही.

तुमचं गणित बरोबर आहे, बांधणाऱ्यांनी दिशा वेगळी धरली होती. या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घुमटात खणांच्या ५ रांगा आहेत, प्रत्येकीत २८, एकूण १४०. वरच्या रांगा अरुंद होत जातात. शेवटच्या रांगेच्या वर ऑक्युलसपर्यंत साधा, गुळगुळीत पट्टा आहे. तो विसरून खण थेट भोकापर्यंत नेलेली मॉडेल्स मी पुष्कळ पाहिली. प्रत्येक खणात एकात एक अशा उतरत्या चौकटी आहेत. आणि या चौकटी एकमेकींच्या बरोबर मध्यात नाहीत. आतली प्रत्येक चौकट बाहेरचीपेक्षा जरा वर सरकवलेली आहे. खालच्या कडेची पायरी रुंद, वरच्या कडेची अरुंद.

कारण बघणारा माणूस. घुमटाच्या गोलाचं केंद्र जमिनीपासून २१ मीटरच्या वर, हवेत आहे. तुम्ही पृष्ठभागाला लंब ढकललंत, म्हणजे त्या हवेतल्या केंद्राकडून बाहेरच्या दिशेने. त्या केंद्रावर डोळा ठेवला तर तुमचे खण अगदी सममित दिसतील. पण तिथे कुणी उभं राहत नाही. माणूस खाली फरशीवर उभा असतो, त्याची नजर तिरकी वर जाते, आणि खालची पायरी त्याच्यापासून लपते. बांधणाऱ्यांनी खणांचा कल फरशीवर मध्यभागी उभ्या असलेल्या माणसासाठी बेतला. खाली लाकडी साचे, त्यांवर काँक्रीट, आणि प्रत्येक साचा असा तिरका घडवलेला. सुताराचं हे काम डोळ्यांपुढे आणलं की मन भरून येतं.

ब्लेंडरमध्ये हे असं करता येईल. थ्रीडी कर्सर फरशीच्या मध्यावर, जमिनीपासून साधारण दीड मीटर वर ठेवा. पिव्हट, म्हणजे मोठं-लहान करण्याचा आधारबिंदू, थ्रीडी कर्सरवर टाका. खणाचा चौकोन निवडून इन्सेट घ्या. आत एक्सट्रूड करून ते तसंच निवडलेलं असताना स्केल करा, १.०१ वगैरे. चौकट नजरेच्या रेषेत मागे सरकते, म्हणजे आपोआप थोडी वरही जाते. पुढच्या चौकटीला पुन्हा तेच. मग मधोमध कॅमेऱ्यातून बघा आणि खऱ्या फोटोशेजारी ठेवून इन्सेट चारही बाजूंना कमीजास्त करा. कडांना बारीक बेव्हल द्या, म्हणजे त्या किंचित तासा, पाच-सहा मिलिमीटरही चालेल. धारदार कडेवर ऊन पडत नाही आणि काँक्रीट प्लास्टिकसारखं दिसतं.

पाच खणांची एक उभी फाक करा आणि तीच फिरवा. कोनाच्या चौकटीत १२.८५७ टाकू नका. सरळ ३६०/२८ लिहा, ब्लेंडर भागाकार स्वतः करतो आणि शेवटची फाक पहिलीला नीट मिळते.

आणखी एक. खाली दार आणि ७ कोनाडे मिळून आठ दिशा होतात. २८ ला ८ ने भाग जात नाही, ४ ने जातो. म्हणून मुख्य अक्षांवर खणाचा मध्य आला तर तिरक्या अक्षांवर दोन खणांमधली फासळी येते, किंवा उलट. दाराच्या बरोबर वर काय आहे ते समोरून घेतलेल्या फोटोत पाहा आणि पहिली फाक तिथून सुरू करा. खालचं आणि वरचं जुळावं म्हणून २८ चे २४ किंवा ३२ करणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. घुमट खालच्या भिंतीपासून सुटल्यासारखा, जरा तरंगल्यासारखा वाटतो, तो याच न जुळण्यामुळे.

घुमटाची जाडी खाली सुमारे ६ मीटर आणि ऑक्युलसच्या कडेशी जेमतेम १.२ मीटर. काँक्रीटमधले दगडही वर जाताना हलके होत जातात, खाली विटा आणि जड खडी, माथ्याशी ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. रेंडरमध्ये खडी दिसणार नाही. जाडी मात्र दिसते, आणि ती उजेडाच्या प्रश्नात पुन्हा येणार आहे.

मी म्युनिकमध्ये असतो, दिवाळीच्या सुट्टीत रोमला जाणार आहे. मॉडेलसाठी कोणते फोटो घेऊ?

सगळे घुमटाचे फोटो घेतात, तुम्ही खाली बघा. फरशी आधी. चौकोन आणि वर्तुळं यांची ती नक्षी एकोणिसाव्या शतकात दुरुस्त झाली, पण मांडणी जुनी मानतात. फरशी सपाट नाही: मधोमध साधारण ३० सेंटिमीटर फुगलेली आहे, आणि पावसाचं पाणी जायला तिला २२ भोकं आहेत. कॅमेरा अगदी जमिनीजवळ धरून भिंतीच्या दिशेने फोटो घ्या, तो फुगवटा टिपला जातो.

मग दगड. ट्युनिशियाच्या खाणींतला पिवळा संगमरवर, आजच्या तुर्कस्तानातला जांभळ्या शिरांचा पांढरा, इजिप्तचा लाल पोर्फिरी. प्रत्येकाचा एक फोटो समोरून, सपाट उजेडात, आणि एक तिरका, चकाकी दिसेल असा. समोरच्या फोटोवरून रंग मिळतो आणि तिरक्यावरून दगड किती चकचकीत आहे ते. चौकटीत एक पांढरा कागद असू द्या, रंग सुधारायला लागतो.

मंडपात एकूण १६ खांब आहेत. समोरच्या रांगेतले करडे ग्रॅनाइट इजिप्तच्या वाळवंटातल्या मॉन्स क्लॉदियानुसचे, मागचे गुलाबी आस्वानचे. प्रत्येक दांडा एकसंध दगड, वजन साधारण ६० टन. पूर्वेच्या बाजूचे काही खांब सतराव्या शतकात बदललेले आहेत, तेव्हा नमुना म्हणून पश्चिमेकडचे घ्या. आणि मंडपाच्या मागच्या चौकोनी भिंतीवर, उंचावर, दुसऱ्या एका त्रिकोणी माथ्याच्या खुणा दिसतात, त्याचा एक फोटो नक्की. मूळ बेत ५० फुटी खांबांचा होता आणि तेवढे दगड न मिळाल्याने मंडप ठेंगणा झाला असं काही अभ्यासक मांडतात. ते या खुणांकडे बोट दाखवतात.

तिकीट २०२३ पासून लागतं. सकाळी लवकर जा, फरशीवर माणसं कमी असतात.

ताई मी अकरावीत आहे, लातूर. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. खांबांच्या वरची पानं केली आणि ब्लेंडर बंदच पडतं. हे माझ्याच्याने होईल का?

होईल. तू सोळा खांबांना सोळा वेगळी स्तंभशीर्षं केली असणार. एकच कर आणि बाकीच्यांसाठी ऑल्ट-डी वापर, शिफ्ट-डी नको. ऑल्ट-डीने मूळ जाळी एकदाच मेमरीत राहते आणि बाकीचे नुसते पत्ते असतात. रेंडर करतानाही सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचा चित्र काढणारा भाग, ती एकदाच वाचतं.

ते एक शीर्ष मात्र मन लावून कर. कोरिंथियन शीर्षात अॅकँथसच्या पानांच्या दोन रांगा असतात, प्रत्येकीत आठ. एक पान कर, चांगलं कर, टोक पुढे वळलेलं, मधली शीर फुगलेली. तेच फिरवून आठ, आणि वरच्या रांगेला अर्ध्या घराने सरकवलेली आठ. वर कोपऱ्यांना वळ्या आणि त्यांवर चारही बाजूंनी आत वळलेली फळी. कॅमेऱ्यापासून लांबच्या खांबांना डेसिमेट लावलेली हलकी प्रत पुरते. खांबाचा दांडा सरळ नळकांडं करू नकोस. तो वर निमुळता होतो, आणि तोही सरळ रेषेत नाही, किंचित पोट असतं.

टेक्स्चर दोन हजार पिक्सेलांचे ठेव. सगळीकडे चार हजार लावून तुझा लॅपटॉप थकेल, आणि चित्रात काही फरक दिसणार नाही.

ठाण्यात माझं इंटिरियरचं काम आहे. पॅन्थिऑनचं आतलं मॉडेल नीट जमलंय, पण रेंडर एकतर अंधारं गोदाम दिसतं नाहीतर, लाइट वाढवले की, मॉलसारखं सपाट. काय करू?

वाढवलेले सगळे लाइट काढा. त्या खोलीला ऑक्युलस आणि दार याखेरीज उजेड नाही, आणि तेवढा पुरतो.

आधी सूर्य नेमका बसवा. ब्लेंडरच्या सन पोझिशन अॅड-ऑनमध्ये अक्षांश ४१.९ उत्तर, रेखांश १२.५ पूर्व द्या. दार उत्तरेला आहे, पण अक्ष अगदी काटेकोर उत्तर-दक्षिण नाही. उपग्रहाच्या नकाशावर कोन मोजून तेवढं मॉडेल फिरवा. ‘दुपारी बारा’ला फसू नका. रोममध्ये जूनमध्ये, उन्हाळी वेळ चालू असताना, सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात एक वाजून दहा-बारा मिनिटांनी. १२५ सालचा सूर्य आणि आजचा, त्याच तारखेला, रेंडरपुरता एकच.

मग पडताळा घ्या. २१ जूनच्या मध्यान्हीला रोममध्ये सूर्य क्षितिजापासून साडेएकाहत्तर अंशांवर असतो, तेव्हा उन्हाचं वर्तुळ फरशीवर, मध्यापासून साडेचौदा मीटर उत्तरेला पडलं पाहिजे. विषुवदिनी, ४८ अंशांना, ते घुमट आणि भिंत जिथे भेटतात त्या पट्ट्यावर येतं. डिसेंबरात सूर्य पंचवीस अंशांच्याही खाली, तेव्हा ऊन खाली उतरतच नाही, घुमटातच ३५ मीटरच्या उंचीला फिरतं. आणि २१ एप्रिलला, जो रोमच्या स्थापनेचा दिवस मानतात, मध्यान्हीचा झोत दाराच्या कमानीत उतरतो. तुमच्या मॉडेलमध्ये या चार तारखांना ऊन योग्य जागी पडलं, तर भूमिती, दिशा आणि वेळ तिन्ही बरोबर आहेत. माझ्या दृष्टीने याहून चांगली परीक्षा नाही.

इथे जाडी येते. ऑक्युलस नुसत्या पत्र्यातलं भोक म्हणून केलं असेल तर हिवाळ्यातलं ऊन फार मोठं पडतं. खऱ्या कडेला १.२ मीटर जाडी आहे, आणि डिसेंबरच्या तिरक्या उन्हात ती झोताचे जवळजवळ अडीच मीटर खाते. वर्तुळ डोळ्याच्या आकाराचं होतं. कडेला जुनी ब्राँझची पट्टी आजही आहे, तीही करा. तिच्यावर उजेडाची एक बारीक कोर चमकते.

आता अंधार. सायकल्समध्ये डिफ्यूज बाउन्स मुळात ४ असतात, ते १० करा. या खोलीत कोनाड्यांपर्यंत उजेड पोहोचतो तो फरशीवरून उसळून, मग भिंतीवरून, मग पुन्हा घुमटावरून. चारात तो वाटेतच संपतो. ऑक्युलसवर एक एरिया लाइट ठेवून त्याला पोर्टल करा, म्हणजे आकाशाचा उजेड कुठून येतो हे प्रोग्रॅमला शोधावं लागत नाही आणि दाणे कमी पडतात. फरशीचे रंग खरे ठेवा. पिवळ्या संगमरवरावर ऊन पडलं की खालचा अर्धा घुमट उबदार होतो, आणि तुम्ही शोधताय तो मॉलपासूनचा फरक तोच. व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे उजेडाचे रंग पडद्यावर उतरवण्याची पद्धत, एजीएक्स ठेवा आणि एक्स्पोजर कोनाड्यांसाठी लावा. उन्हाचं वर्तुळ पांढरं पडलं तर पडू द्या, प्रत्यक्षातही त्याच्याकडे बघवत नाही. डीनॉइझर, म्हणजे दाणे पुसणारं साधन, अगदी शेवटी, आणि पुरेशी सॅम्पल्स घेतल्यावरच. कमी सॅम्पल्सवर तो दगडाच्या शिरा पुसून टाकतो.

कॅमेरा माणसाच्या उंचीवर ठेवा, २० ते २४ मिलिमीटर, आणि वर बघायचं तर कॅमेरा वाकवण्याऐवजी व्हर्टिकल शिफ्ट वापरा. सगळं एका चौकटीत मावणार नाही. पानिनी या चित्रकाराने १७३४ च्या सुमारास आतलं दृश्य रंगवलं, ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात फरशी, भिंत आणि ऑक्युलस सगळं एकत्र दिसतं, आणि तसं एका जागी उभं राहून दिसणं शक्य नाही. चित्र म्हणून ते अप्रतिम आहे, आणि वरच्या पट्ट्याचं जुनं रूप पाहायलाही मोलाचं. खोलीचा आवाका दाखवायला तुम्ही दोन-तीन माणसं उभी करा. दार सात मीटरहून उंच आहे हे माणसाशिवाय कळत नाही.

मी साताऱ्याचा, इतिहासाचा निवृत्त शिक्षक. नातवाने संगणकावर केलेलं पॅन्थिऑन दाखवलं. खणांत सोनेरी तारे, कोनाड्यांत देवांचे पुतळे, स्त्रीरूपी खांब. देखणं आहे. पण मुलं असं चित्र बघतात आणि तेच खरं धरून चालतात. यात इतिहासाचं नुकसान नाही का?

सर, आहे. आणि चित्र जितकं देखणं तितकं नुकसान जास्त. लिहिलेल्या इतिहासात ‘बहुधा’, ‘असावं’ म्हणता येतं. रेंडरमध्ये ‘बहुधा’ला जागाच नाही, पुतळा एकतर असतो किंवा नसतो, आणि त्याच्यावर ऊन पडलेलं असतं.

नातवाच्या चित्रातले स्त्रीरूपी खांब घ्या. त्यांचा उल्लेख थोरला प्लिनी या रोमन लेखकाने केला आहे, पण प्लिनी इ. स. ७९ मध्ये वारला. त्याने पाहिलेलं पॅन्थिऑन आग्रिप्पाचं होतं, जे पुढे जळालं. ते खांब हेड्रियनच्या इमारतीत घालायला आधार नाही. पुतळ्यांचं वेगळं. इतिहासकार कासियुस दियोने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं आहे की इथे मार्स, व्हीनस अशा अनेक देवांच्या मूर्ती होत्या, म्हणून कदाचित हे नाव पडलं. त्याचं स्वतःचं मत मात्र, घुमट आकाशासारखा आहे म्हणून, असं होतं. म्हणजे मूर्ती होत्या. कोणती कुठल्या कोनाड्यात, कोणत्या पवित्र्यात, ते त्याने सांगितलेलं नाही. खणांतले सोनेरी तारे अनेक पुनर्रचनांत दाखवतात, आज तिथे एकही नाही.

या क्षेत्रातल्या लोकांनाही हीच काळजी होती. त्यातून २००६ मध्ये लंडन चार्टर नावाची तत्त्वांची एक यादी तयार झाली आणि २००९ मध्ये ती सुधारली. तिचा गाभा मला मनापासून पटतो: संगणकावर वारशाचं चित्र उभं करणाऱ्याने कशावरून काय केलं, कुठे अंदाज केला, हे नोंदवून ठेवायचं आणि बघणाऱ्याला ते मिळेल असं ठेवायचं.

माझ्या कामात मी ते असं करते. प्रत्येक वस्तूला फाइलमध्येच तीनपैकी एक खूण. जे आज उभं आहे ते पहिल्या गटात: घुमट, खांब, फरशीची मांडणी. जे गेलं पण कुणी पाहून काढून ठेवलं ते दुसऱ्यात: भिंतीचा वरचा पट्टा, ज्याची प्रबोधनकाळातल्या कलावंतांची रेखाटनं आहेत, राफाएलचंही त्यात आहे, मंडपाच्या ब्राँझच्या तुळया, ज्या वितळण्याआधी चित्रकारांनी टिपल्या. आणि ज्याला आपल्या तर्काखेरीज आधार नाही ते तिसऱ्यात: तारे, मूर्तींची मांडणी, दर्शनी त्रिकोणातली शिल्पं. त्या त्रिकोणात शिल्पं अडकवायची भोकं आहेत, शिल्पं नाहीत; तिथे पुष्कळजण गरुड आणि पानांचं कडं घालतात. मग त्याच कॅमेऱ्यातून दोन चित्रं काढायची. एक पूर्ण रंगीत. दुसऱ्यात पहिला गट करडा, दुसरा निळा, तिसरा नारिंगी. ब्लेंडरमध्ये तीन कलेक्शन्स आणि तीन मटेरिअल्स लागतात, नातवाला अर्ध्या दिवसाचं काम.

आणि सर, हे दुसरं चित्र मुलांना पहिल्यापेक्षा जास्त आवडतं, हा माझा अनुभव आहे. नारिंगी दिसलं की हात वर होतात: इथे काय असेल, कशावरून ठरवायचं, कुणी पाहिलं होतं? तुमच्या वर्गात जी चर्चा तुम्ही मुद्दाम घडवत असाल ती आपोआप सुरू होते.

नातवाला स्त्रीरूपी खांब काढायला सांगा. मूर्ती ठेवू द्या, नारिंगी करून. दोन्ही चित्रं झाली की सदराकडे पाठवा, पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू.